आईच्या रडण्यावर चढवलेला ठेका

आमच्या आईसारखी रडणारी बाई कुंभार पिंपळगावात दुसरी नव्हती. हसू नका. मैताला रडणं हे आमच्याकडं ऐऱ्यागैऱ्याचं काम न्हाई. डोळ्याला पदर लावून मुसमुसणं वेगळं आणि हेल काढून, गेलेल्या माणसाशी बोलत बोलत रडणं वेगळं. गावात कुणी गेलं की बाया आईची वाट बघायच्या. ती येऊन मैताच्या उशाला बसायची आणि सुरू करायची. त्या माणसाला काय आवडायचं, कुणाशी त्याचं बोलणं बंद होतं, कोणती लेक बघायची राहून गेली, सगळं तिच्या रडण्यात यायचं. ओळीच्या मधी बाप्या असला तर ‘वो’, बाई असली तर ‘गं’, असा लांब ओढलेला सूर. त्या सुराला धरून बाकीच्या बाया आपलं रडणं सोडायच्या. ज्या सुनेला चारचौघांत रडता येत न्हाई, तीसुद्धा आईच्या आडोशानं रडून घ्यायची.

त्याला एक नियम होता. मैताचं रडणं मैतापाशीच. आई घरी आली की उंबऱ्याच्या आत पाय टाकायच्या आधी मागच्या न्हाणीत अंगावरून पाणी घ्यायची. आंघोळ झाली की त्यातला एक शब्द तिच्या तोंडून निघायचा न्हाई. विचारलं तर म्हणायची, ‘मला काय ध्यानात ऱ्हातंय व्हय? ते आपोआप येतं अन् जातं.’ मी दुसरी-तिसरीत असताना तेलाचा डबा उलटा घालून, त्यावर हात बडवत तिच्यासारखा हेल काढत होतो. मागून असा धपाटा बसला की डबा एकीकडं अन् मी एकीकडं. ‘घरात कुणी मेलं का रे मुडद्या? जित्याच्या दारात ते आणू नी.’ हे एवढ्यासाठी सांगून राह्यलो, की पुढं मी जे केलं ते मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा न्हाई. माहीत होतं. बराबर माहीत होतं.

आईची थोरली बहीण टेंभुर्णीला दिलेली. मावशी लई चावट. दिवाळीला आली की आईला चिडवायची, ‘माझ्या येळंला हात राखून रडू नको बरं का. समदं सांग. फक्त माझ्या सासूचं नाव काढू नको, ती वर वाटच बघत बसली असंल.’ आई म्हणायची, ‘आधी मर तर खरी.’ दोघी पोट धरून हसायच्या. पण तो दोघींचा शब्द होता. जी मागं राहील तिनं जाणारीला रडायचं.

आता माझं सांगतो. मी जालन्याला एका बियाण्याच्या कंपनीत कारकून आहे, आणि तेव्हाही होतो. पण स्वतःला मी रॅपर समजायचो. कॉलेजात एक जोडीदार मिळाल्ता. जुन्या जालन्यात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, मागं एक खोली, खोलीच्या भिंतींना अंड्याचे ट्रे चिकटवलेले, आवाज घुमू नये म्हणून. तो ठेके बनवायचा, मी शब्द लिहायचो आणि म्हणायचो. सुरुवातीला आम्ही निव्वळ माकडचाळे केले. मुंबईची पोरं जसं बोलतात तसं बोलायचं, गळ्यात साखळी घालायची, दुश्मनाला धमक्या द्यायच्या. कसले दुश्मन? माझं सगळ्यात मोठं भांडण मेसवाल्या काकूंशी, तेही पातळ वरणावरून. ती गाणी आज कुणी लावली तर मी उठून जातो.

मंग जोडीदारानं कुठून कुठून शोधून वेगळीच गाणी ऐकवली. अमेरिकेतली, आणि नंतर आपल्या इकडचीसुद्धा. त्यात गाडी नव्हती, सोनं नव्हतं, कुणाला मारायची भाषा नव्हती. जुन्या रेकॉर्डीतला एक चतकोर तुकडा कापलेला, कुणीतरी कधीकाळी वाजवलेला पियानो न्हाईतर कुण्या म्हाताऱ्या बाईचा आलाप, तो गोल गोल फिरतोय, आणि त्यावर एक माणूस आपली भीती सांगतोय, लाज सांगतोय, झोप लागत न्हाई म्हणतोय. याला आल्टरनेटिव्ह हिप हॉप म्हणतात हे नाव आम्हाला मागून कळलं. आम्ही आपलं ‘आडवाटेचं’ म्हणायचो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जोडीदाराला म्हणलो, ‘असं पण चालतं व्हय?’ तो म्हणला, ‘चलता न्हाई रे, यहीच तो अस्सल है.’

मंग आम्ही आमच्या आसपासचं धुंडाळायला लागलो. भंगारवाल्याकडून कॅसेटी आणल्या. सळईच्या कारखान्याबाहेर उभं राहून गाडीतून सळया उतरवल्याचा आवाज धरला. हलगीवाल्याला खोलीत बसवून वाजवायला लावलं. त्याच्या दोन ठोक्यांमधली जागा कापून आम्ही तिथं शब्द भरायचो. ऐकायला कोण? आम्हीच. एका गणपती मंडळात संधी मिळाली, तर तिसऱ्या मिनिटाला खालून आवाज आला, ‘ए, डीजे लाव की, हे काय दुखणं लावलंय!’ घरी वडील म्हणायचे, ‘तुझं ते पुटपुटणं चाललंय का अजून?’ वडलांचा राग न्हाई यायचा. राग यायचा तो आपल्याजवळ दुसऱ्या कुणाकडं न्हाई असं काहीच नसल्याचा. आडवाटेला लागलेली पोरं आता गावोगाव झाल्ती. प्रत्येकाला स्वतःचा आवाज पाहिजे होता. मला तो कुठून तरी पाहिजेच होता, मंग तो कुणाचा का असंना.

वडील बाजाराच्या दिवशी गेले. पिंपळगावच्या आठवडी बाजारात, मेथीच्या जुड्या बघता बघता छातीला हात लावून खाली बसले, ते बसलेच. मी जालन्याहून पोचलो तेव्हा त्यांना ओट्यावर घेतलेलं होतं. आई उशाला. या वेळेला तिची वाट बघायची गरज नव्हती. ती आधीपासून तिथंच होती आणि ती रडून राह्यली होती.

‘तांब्या भरून ठेवलाय वो, पाय धुवायला या. पिशी कुठं टाकली वो बाजाराची, घरी घेऊन या.’

वडील बाजारातून आले की आधी तांब्याभर पाण्यानं पाय धुवायचे. तो तांब्या खरंच दारात भरून ठेवलेला होता. मी बघितला. पुढं ती काय काय बोलली, विहिरीचं, लग्नातल्या भांडणाचं, माझं. मी खांबाला टेकून बसलो होतो, डोळ्यातून पाणी चाललं होतं, आणि त्याच वेळेला माझा अंगठा मांडीवर हलत होता. एक, दोन, तीन, चार. बाई बराबर चाराच्या ठेक्यात रडत होती. ‘वो’ दर चौथ्याला येत होता. बाप समोर पडलेला आणि मी मात्रा मोजत होतो. मंग मी खिशातला फोन काढला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि वरच्या खिशात ठेवला.

पुढं लोकांना मी सांगायचो की आईचं रडणं जपून ठेवावं म्हणून केलं. झक मारली. मला ठेका सापडला म्हणून केलं.

तेरावा झाला आणि मी फाईल घेऊन जालन्याला गेलो. जोडीदारानं कानाला हेडफोन लावला, एक मिनिटभर ऐकलं आणि काढून ठेवला. म्हणला, ‘अम्मा का रोना है यार. इसपे मैं ड्रम कैसा डालू?’ मी म्हणलो, तूच तर सांगायचा की आपल्या घरातलं पाहिजे म्हणून. तो म्हणला, ‘घरातलं म्हणजे इतक्या आतलं न्हाई रे.’ चार दिवस तो काम टाळत होता. मी रोज जाऊन बसायचो. शेवटी मीच माऊस हातात घेतला. ‘तांब्या भरून ठेवलाय वो, पाय धुवायला या’ एवढी ओळ ठेवली, ‘या’च्या पुढं कात्री मारली आणि ती ओळ फिरवत ठेवली. खाली जड ढोल. त्यावर मी वडलांबद्दल बोललो. गाणं चांगलं झालं. हे कबूल करायला जिवावर येतं, पण चांगलं झालं.

जे कधी झालं न्हाई ते झालं. पुण्याहून, नागपूरहून, कुठून कुठून लोकांचे निरोप आले. संभाजीनगरला एका कार्यक्रमात बोलावलं. मी म्हणत होतो आणि पाच-सातशे पोरं गप्प उभी होती. मागं आईचा आवाज फिरत होता. खाली उतरल्यावर एका मुलीनं विचारलं, ‘आईंना विचारलं होतं ना तुम्ही?’ मी म्हणलो, ‘हो, त्यांना अभिमान आहे.’ एवढी सफाईदार थाप मी उभ्या जन्मात मारली न्हाई.

आई घरी, गावात. तिचा फोन साधा बटणाचा. तिच्यापर्यंत हे कसं पोचणार, असा माझा हिशोब. पण गाणं माझ्या हातात कुठं राह्यलं होतं? पोरांनी त्या ओळीचे रील केले. कुणी रडके केले, कुणी हसायचे. नवरा ऑफिसातून आला, बायको तांब्या घेऊन उभी, आणि मागून माझी आई. पिंपळगावच्या बाजारात रसवंतीवाल्यानं स्पीकरच्या पेटीवर ते लावलं होतं. आई भाजीला गेल्ती. वडील जिथं खाली बसले होते तिथून हाकेच्या अंतरावर तिनं आपलंच रडणं ऐकलं, ढोलावर. रसवंतीवर पोरं रस पीत मान हलवत होती.

तिनं शेजारच्या पोराकडून फोन लावला. फक्त म्हणली, ‘घरी ये.’

गेलो. ती चुलीपुढं बसली होती. चूल पेटलेली नव्हती. मला वाटलं शिव्या घालील, चप्पल काढील. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

‘माझं रडणं इकलं का तू?’

‘न्हाई आई. पैसे न्हाई मिळत त्याचे.’

‘मंग फुकटच वाटलं व्हय?’

मी काहीतरी बडबडलो, लोकांच्या काळजाला भिडलं, लोक रडले, वडलांचं नाव झालं. ती ऐकून घेत होती. मंग म्हणली, ‘लेका, ते मी त्यायला सांगत व्हते. तुला न्हाई. लोकायला न्हाई. नवरा-बायकोतलं बोलणं व्हतं ते.’ आणि उठून न्हाणीत गेली. आत पाण्याचा आवाज बराच वेळ येत राह्यला. बाजारातनं आल्यापासनं ती दिवसातून चार-चार वेळा आंघोळ करत होती, हे शेजारच्या काकूंनी मला निघताना सांगितलं.

एसटीत बसल्या बसल्या मी गाणं काढून टाकलं. त्यानं काय होतंय, शंभर जणांच्या फोनात ते होतंच. मंग मला वाटलं, अजून काहीतरी केलं पाहिजे, जीव जाईल असं. फोनमध्ये ते पूर्ण रेकॉर्डिंग होतं, बावीस मिनिटांचं. तेही पुसलं. जोडीदाराला फोन करून त्याच्या लॅपटॉपवरचंही पुसायला लावलं. तो म्हणला, ‘एक दफा अम्मा को पूछ ले.’ मी म्हणलो, ‘जल्दी पूस, डोकं खाऊ नको.’ पुसल्यावर मला हलकं वाटलं. आपण पाप धुतलं असं वाटलं, गाढवाला. आईला मी हे सांगितलंही न्हाई. दोनदा तिच्या आवाजाचं काय करायचं ते मीच ठरवलं, आणि दोन्हीदा तिला विचारलं न्हाई.

त्यानंतर आई कुठल्याच मैताला गेली न्हाई. बोलावणं आलं की म्हणायची, गुडघा दुखतोय. मी गाणं सोडलं. जोडीदारानं अंड्याचे ट्रे काढले आणि त्या खोलीत कव्हरं आणि चार्जरं भरली.

मंग मावशी गेली. या वेळेला गुडघा चालणार नव्हता. मी पिंपळगावला गाडी घेऊन गेलो आणि आईला घेऊन टेंभुर्णीला निघालो. वाटेत मी म्हणलो, ‘माझा फोन बंद केलाय. गाडीतच ठेवतो.’ तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

अंगणात आईला बघताच बायांनी जागा केली. ‘आली बाई, आली,’ कुणीतरी म्हणलं. ती मावशीच्या उशाला बसली. मावशीच्या कपाळावरचे केस तिनं मागं सारले. सगळ्या बाया तिच्या तोंडाकडं बघून राह्यल्या होत्या. आईनं तोंड उघडलं. मंग तिची नजर वर गेली. अंगणाच्या कडेला नाती, पुतण्या, पाव्हण्यांची पोरं उभी होती, एकेकाच्या हातात फोन. कुणी काही रेकॉर्ड करत नव्हतं, नुसते हातात होते. सगळ्यांवरून फिरून तिची नजर खांबापाशी माझ्यावर आली आणि तिथंच थांबली. तिनं तोंड मिटलं. वरून पदर धरला.

बाया थांबल्या, थांबल्या. शेवटी मावशीच्या जावेनं कसंबसं सुरू केलं. तिला ते येत नव्हतं. मावशी तशीच गेली, कुणी तिचं काहीच न सांगता. सासूचं नाव काढू नको म्हणली होती, तर तिचंच नाव कुणी नीट काढलं न्हाई.

परत येताना दिवेलागणीची वेळ झाल्ती. जालन्याच्या अलीकडं आई एकदम म्हणली, ‘ते आख्खं हाय का तुझ्यापाशी?’

‘काय?’

‘तुझ्या बापाच्या येळंचं. माझं.’

माझा पाय ब्रेकवर गेला. गाडी कडंला घेतली. ‘कामून आई?’

‘मला येईना झालंय रे. तोंड उघडलं अन् आत काहीच न्हाई. कसं करत व्हते मी ते, जरा ऐकव. परवा तिसरा हाय. तवा तरी तिला सांगंन. आपण अजून आंघोळ न्हाई केली, तवर ऐकलं तर चालतंय.’

मी तिला सांगितलं. पुसलं म्हणून. सगळं पुसलं. तिनं मान हलवली, रागावली न्हाई. म्हणली, ‘मंग जे असंल ते लाव.’

फोन चालू केला. माझं गाणं माझ्याकडंच नव्हतं. कुण्या अनोळखी पोरीचा रील शोधून काढला आणि आवाज मोठा केला. ‘तांब्या भरून ठेवलाय वो, पाय धुवायला या.’ धाड, धाड. ‘तांब्या भरून ठेवलाय वो, पाय धुवायला या.’ आई फोनाकडं वाकली. शाळेतली पोरगी बाईंच्या मागं म्हणते तसे तिचे ओठ हलत होते. ओळ संपली की ती पुढच्या ओळीसाठी थांबायची, आणि पुन्हा तीच ओळ यायची.

‘फुडं?’

‘फुडं न्हाई, आई.’

‘फुडं लई व्हतं की रे.’

‘तेवढंच ठेवलं होतं मी.’

‘बरं,’ ती म्हणली. ‘आणिक एकदा लाव.’

तिसऱ्याच्या दिवशी राख सावडून माणसं परत आली, बाया अंगणात जमल्या. मी दारातून बघत होतो. आईनं पदर सावरला, डोळे मिटून घेतले आणि सुरू केलं. सगळ्या बाया सरसावून बसल्या. मला वाटलं, झालं, आलं, सुटलो मी.

‘तांब्या भरून ठेवलाय गं, पाय धुवायला ये.’

पुढची ओळ आली न्हाई. मी जिथं कात्री मारली होती, बराबर तिथंच ती थांबली. मंग पुन्हा पहिल्यापासून. ‘तांब्या भरून ठेवलाय गं, पाय धुवायला ये.’ मधी तेवढीच जागा सोडून, जेवढ्यात माझा ढोल वाजायचा. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मागं एक पोरगी हळूच दुसरीला म्हणली, ‘अगं, हे तर रीलमधलं हाय.’ आई पुन्हा तेच म्हणली. घामानं तिचं कपाळ भिजलं होतं, पुढचं काहीतरी ओढून काढायला बघत होती, आणि येत होती तीच ओळ.

चौथ्या वेळेनंतर तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. चौथ्या वेळेनंतर, हे मला नक्की माहीत आहे. मी मोजत होतो.